१९६९ ची कॅमॅरो झेड/२८ 'फॅक्टरीतून आली तश्शी' करायची आहे? नेहमी येणारे प्रश्न

मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं ओहायोत सिनसिनाटीजवळ राहतो. घराच्या गॅरेजमध्ये १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो झेड/२८ आहे, गडद हिरवी, म्हणजे कंपनीच्या भाषेत फॅदम ग्रीन. ही गाडी नॉरवुडच्या कारखान्यात बनली आणि नॉरवुड माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तो कारखाना १९८७ मध्ये बंद झाला, नंतर पाडला, आज तिथे गेलात तर गाडीचा ग पण दिसत नाही. मंडळाच्या गणपतीला नाहीतर दिवाळीला कोणी ना कोणी या गाडीबद्दल विचारतंच आणि प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय.

फॅक्टरी-करेक्ट म्हणजे नवी कोरी चकाचक करायची, असंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. फॅक्टरी-करेक्ट म्हणजे १९६९ मध्ये लाइनवरून खाली उतरली त्या दिवशी जशी होती तशी. त्या दिवशी ती परफेक्ट नव्हती. दरवाजाच्या फटी थोड्या कमीजास्त, डिकीच्या आतल्या कोपऱ्यात रंग पातळ, खालच्या बाजूला ओव्हरस्प्रे, म्हणजे बाहेरचा रंग मारताना उडालेले शिंतोडे, बोल्टवर कुणीतरी ब्रशने लावलेला पिवळा नाहीतर हिरवा ठिपका. हे सगळं परत आणायचं. आरशासारखी पॉलिश केलेली चॅसी आणि क्रोम लावलेले बोल्ट दिसायला छान दिसतात, मला त्याचा राग नाही, पण ती वेगळी गाडी झाली.

झेड/२८ मध्ये एवढं काय आहे?

त्या काळी अमेरिकेतल्या ट्रान्स-अॅम या कार रेसिंग मालिकेत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती, ३०५ क्युबिक इंच. शेव्हरोलेने चार इंचाचा बोअर आणि तीन इंचाचा स्ट्रोक असं ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन बनवलं, आणि रेसमध्ये उतरवायचं तर तीच गाडी लोकांनाही विकायला हवी, म्हणून झेड/२८ आली. कागदावर २९० हॉर्सपॉवर. ऑटोमॅटिक मिळत नव्हती, एसी मिळत नव्हता, चार गिअरचं मॅन्युअल आणि पुढे डिस्क ब्रेक घ्यावेच लागायचे. १९६९ मॉडेलच्या एकूण २,४३,०८५ कॅमॅरो बनल्या, त्यातल्या २०,३०२ झेड/२८. आज रस्त्यावर 'झेड/२८' म्हणून फिरणाऱ्यांमध्ये साध्या कॅमॅरोला बॅज आणि पट्टे लावलेल्या भरपूर आहेत, म्हणूनच पुढचा प्रश्न.

विकत घेताना खरी की बनवलेली, कसं ओळखायचं?

घाई करायची नाही आणि विकणाऱ्याच्या गोष्टी ऐकून विरघळायचं नाही. गाडीला बोलू द्या.

पहिलं व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. १९६९ मध्ये ते डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून दिसतं, १३ आकडी. उदाहरणार्थ १२४३७९एन आणि पुढे सहा आकडे. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-एट कॅमॅरो, ३७ म्हणजे कूप, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुड. लॉस एंजेलिसकडच्या व्हॅन नायसची असेल तर एनच्या जागी एल. आता २४ च्या जागी २३ दिसलं तर ती सिक्स-सिलिंडर म्हणून जन्मलेली आहे, मग बोनेटखाली काहीही बसवलेलं असो, ती झेड/२८ नाही. पण उलटं खरं नाही बरं का, व्हिनमध्ये झेड/२८ असं कुठेच लिहिलेलं नसतं. व्ही-एट आहे एवढंच कळतं.

दुसरं फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली भिंत) पत्र्याची पट्टी, तिला सगळे काऊल टॅग म्हणतात. त्यावर बॉडी नंबर, आतल्या सीटकव्हरचा कोड, रंगाचा कोड आणि बॉडीची तारीख असते. ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. रंग ७२ म्हणजे हगर ऑरेंज, ५२ गार्नेट रेड, ७१ ल मान्स ब्लू, ५७ म्हणजे माझी फॅदम ग्रीन. नॉरवुडच्या गाड्यांवर सीझनमध्ये, म्हणजे त्या मॉडेलच्या वर्षात, पुढे एक्सने सुरू होणारे कोड यायला लागले, त्यात एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८ चे, ३३ मध्ये जास्तीचं ट्रिम असतं आणि ७७ साधी. सीझनच्या सुरुवातीच्या गाड्यांवर हे कोड नसतात आणि व्हॅन नायसने ते वापरलेच नाहीत, त्यामुळे कोड नाही म्हणून लगेच खोटी ठरवू नका. आणि कोड आहे म्हणून लगेच खरीही ठरवू नका, हे टॅग नवे बनवून मिळतात.

तिसरं, जे पुष्कळ जण बघतच नाहीत. व्हिनचा छोटा भाग बॉडीवर दोन लपलेल्या जागी ठोकलेला असतो, एक फायरवॉलवर हीटरच्या ब्लोअर कव्हरमागे आणि एक काचेखालच्या काऊलच्या जाळीखाली. डॅशवरचं व्हिन आणि हे जुळत नसेल तर गाडीच्या पोटात दुसरीच गाडी आहे. डॅशवरच्या प्लेटचे रिव्हेटही बघा, फुलाच्या आकाराचे रोझेट रिव्हेट असतात, साधे गोल असतील तर तिथेच थांबा. व्हिन प्लेट काढून दुसरीकडे लावणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, आणि अशी गाडी एकदा पोलिसांनी उचलली की पैसेही गेले आणि गाडीही.

'नंबर्स मॅचिंग' सगळे म्हणतात, म्हणजे नक्की काय?

इंजिनच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या समोर, एक सपाट पट्टा असतो, त्याला पॅड म्हणतात. तिथे दोन गोष्टी ठोकलेल्या असतात. एक इंजिन कुठे, कधी, कशासाठी जुळवलं ते, जसं व्ही०२१०डीझेड, म्हणजे फ्लिंटचा कारखाना, १० फेब्रुवारी, आणि डीझेड हा १९६९ च्या ३०२ चा कोड. दुसरं गाडीच्या व्हिनचा भाग, १९एन आणि सहा आकडे. हे सहा आकडे डॅशवरच्याशी जुळले तर ते याच गाडीचं जन्माचं इंजिन.

शिवाय ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य ओतीव भाग, कधी ओतला त्याची तारीख मागे बेलहाउसिंगच्या कडेला असते, महिना अक्षरात, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं. आता क्रम लावा. ओतकाम आधी, मग इंजिनची जुळणी, मग बॉडी. मार्चच्या गाडीत एप्रिलला ओतलेला ब्लॉक असूच शकत नाही, कोणी कितीही शपथा घेऊन सांगितलं तरी. कास्टिंग नंबर, म्हणजे ओततानाच ब्लॉकवर उमटलेला नंबर, एकटा पुरावा नाही, ३९५६६१८ हा ३०२ चा ब्लॉक ३५० मध्येही वापरलेला आहे.

मग लोक काय करतात, पॅड घासून नवीन नंबर ठोकतात. ओळखायचं कसं? कारखान्यात पॅड मशीनवर कापताना त्यावर बारीक समांतर रेघा पडायच्या, ब्रोच मार्क. घासलं की त्या जातात. टॉर्च आडवा धरून बघा, भिंग वापरा, नंबरांची ठेवण ओळखीच्या खऱ्या पॅडच्या फोटोशी ताडून बघा. इंजिन रीबिल्ड करताना मशीन शॉपने डेक, म्हणजे ब्लॉकचा हेड बसतो तो वरचा पृष्ठभाग, घासून सपाट केला तर खरा नंबरही जातो. माझ्या ओळखीच्या एकाचं असंच झालं, शॉपला आधी सांगायचं राहिलं आणि पन्नास वर्षं टिकलेला नंबर एका दुपारी गेला. इंजिन शॉपमध्ये देताना पॅडवर टेप लावा, लिहून द्या, तोंडी दोनदा सांगा.

पॅडवर सीई असेल तर घाबरू नका. वॉरंटीत बदलून मिळालेले ब्लॉक तसे मार्क केलेले असायचे. जन्माचं इंजिन नाही, पण प्रामाणिक इतिहास आहे. आणि जन्माचं इंजिन गेलं असेल तर तारखेला बसणारा योग्य कोडचा ब्लॉक शोधून लावा आणि विकताना स्पष्ट सांगा. नंबर ठोकून खोटं बोलायचं नाही. यावर मी कोणाशीच वाद घालत नाही.

कागदपत्रं नसतील तर?

फोर्ड असेल तर १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेली त्या गाडीची माहिती, मिळतो, पॉन्टियाकची माहिती पीएचएसकडे, म्हणजे पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे असते. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेच्या बाबतीत कंपनीकडे अशी गाडीवार नोंद मिळत नाही, हे दुखणं आहेच. म्हणून जे मिळेल ते सोनं. प्रोटेक्ट-ओ-प्लेट म्हणजे मालकाला मिळणारी वॉरंटीची धातूची छोटी पट्टी, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल यांचे कोड असतात. डीलरचं मूळ बिल. आणि बिल्ड शीट, लाइनवरच्या कामगारांसाठी छापलेला कागद, जो कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर नाहीतर मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकून राहिलेला सापडतो. टाकी उतरवताना ती ओढू नका, हळूच खाली घ्या आणि वर काही चिकटलंय का बघा. सापडलाच तर आधी आहे तिथेच फोटो, मग हात. तो कागद बिस्किटासारखा मोडतो.

गाडी घेतली, आता पहिला पाना कुठे लावू?

कुठेच लावू नका. पहिला महिना फक्त फोटो आणि वही.

मी हे एवढं जोर देऊन सांगतो कारण मी स्वतः पहिल्याच शनिवारी प्रेशर वॉशरने खालची बाजू धुतली होती. पन्नास वर्षांचा तेलकट चिखल निघाला, मला बरं वाटलं, आणि त्याच चिखलाखाली स्टिअरिंगच्या रॉडवर, स्प्रिंगवर कामगारांनी लावलेले रंगाचे ठिपके आणि खडूच्या खुणा होत्या, त्यातल्या निम्म्या त्या पाण्याबरोबर गेल्या. कोणत्या रंगाचा ठिपका कुठे होता हे माझ्या गाडीपुरतं आता मला कधीच कळणार नाही. चिखल, ग्रीस, डीलरने मारलेलं काळं अंडरकोटिंग हे सगळं मूळ खुणा जपून ठेवतं. प्लॅस्टिकची पट्टी, मऊ ब्रश, भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, एका वेळी वीतभर जागा, आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो.

फोटो कसे काढायचे, तर एक लांबून, एक जवळून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक. वायरिंगचा हार्नेस कुठून वळतो, क्लिप कोणत्या भोकात आहे, होजचा क्लॅम्प कोणत्या बाजूला तोंड करून आहे, हे काढताना आठवणीत राहील असं वाटतं, दोन वर्षांनी राहत नाही. प्रत्येक बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर जागा लिहायची, आणि तुटका-गंजका पार्टही फेकायचा नाही, कारण नवीन रिप्रो (जुन्याची नक्कल म्हणून आता बनवलेला) पार्ट बरोबर आहे की नाही हे ताडून बघायला तोच हाताशी असतो.

कारखान्याचं असेंब्ली मॅन्युअल मिळतं, त्याची पुनर्छपाई होते, ते घ्याच. पण मॅन्युअल एक सांगत असेल आणि तुमची कधीच न उघडलेली गाडी दुसरं दाखवत असेल तर गाडीचं ऐका, लाइनवर रोज जे हाताशी असेल ते लागायचं.

गंज किती असला तर सोडून द्यावी?

मागच्या काचेच्या खाली, डिकीचा तळ, मागच्या फेंडरचा खालचा भाग, पायाखालचा पत्रा, आणि काऊलच्या आत जिथे पानं साचून कुजतात, या जागा बघा. फ्लोअर आणि डिकी बदलता येते. काऊल आतून गेलं असेल तर काम फार वाढतं. आता कॅमॅरोची अख्खी बॉडी नवीन बनवून मिळते, पण फॅक्टरी-करेक्टच्या बाबतीत माझं मत असं की शक्य तेवढा मूळ पत्रा ठेवा, पॅच मारा, पूर्ण पॅनल शेवटचा उपाय. मूळ पत्र्यावर फिशर बॉडीचे, म्हणजे शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाचे, स्पॉट वेल्ड असतात, ते एकदा कापले की गेले. छताच्या आणि मागच्या पॅनलच्या जोडावर कारखान्यात शिसं भरलेलं असतं, ते ग्राइंडरने उडवताना मास्क लावा, शिशाची धूळ घरात मुलांपर्यंत जाते.

एनओएस, रिप्रो, की जुना पार्ट?

एनओएस म्हणजे त्या काळात बनून डब्यातच राहिलेला. महाग, आणि प्रत्येक वेळी बरोबर असतोच असं नाही, कारण कंपनी नंतरच्या वर्षांत तोच पार्ट थोडा बदलून विकत राहायची. रिप्रोमध्ये रबर, वेदरस्ट्रिप, कार्पेट, सीटकव्हर आता चांगले मिळतात. धातूच्या पार्टच्या बाबतीत माझी पसंती नेहमी जुना मूळ पार्ट दुरुस्त करण्याला, त्याची जाडी, कडा, शिक्के यांची नक्कल क्वचितच जमते.

रंग कोणता मारू? आताचा बेसकोट-क्लिअरकोट चालेल?

मूळ रंग अॅक्रिलिक लॅकर होता. त्याची चमक मऊ, थोडी खोलवर दिसणारी, आताच्या क्लिअरकोटसारखी काचेची नाही. लॅकर आजही मिळतं पण चिरतं, शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्यावर बंधनं आहेत. मी सिंगल-स्टेज युरेथेन वापरलं आणि हाताने घासून चमक उतरवली, जवळ जाऊन बघितलं तरी पटतं. पट्टे असतील तर ते रंगावरून मारलेले असायचे, बोटाला कड लागते. त्यावर क्लिअरचा थर देऊन कड गुळगुळीत केली की जाणकाराला लगेच कळतं.

फायरवॉल आणि सबफ्रेम (पुढे इंजिन धरणारा सांगाडा) सेमी-ग्लॉस काळा. खालच्या बाजूला प्रायमर, आणि बाहेरून आत उडालेला बॉडीचा रंग कडेला दाट, मध्ये विरळ. हा ओव्हरस्प्रे मारताना माझा पेंटर अडला होता, त्याचा हात चुकीचं मारायला तयार होईना. शेवटी मूळ फोटो समोर चिकटवून आम्ही दोघांनी मिळून मारला.

इंजिन बेमध्ये काय काय चुकतं?

सगळ्यात जास्त इथेच. झेड/२८ ला होली कंपनीचा ७८० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा घेणारा) कार्ब्युरेटर, लिस्ट नंबर ४०५३, त्याच्या एअर हॉर्नवर हा नंबर आणि खाली तीन आकडी तारीख असते, ९२३ म्हणजे १९६९, फेब्रुवारी, तिसरा आठवडा. अॅल्युमिनियमच्या इनटेक मॅनिफोल्डवर बर्फाच्या फुलासारखी खूण दिसेल, ती विंटर्स फाउंड्रीची.

मग एअर पंप. प्रदूषण कमी करायला बसवलेला पंप, नळ्या, सगळं त्या वेळच्या पोरांनी पहिल्याच उन्हाळ्यात काढून फेकलं, आणि आज तोच संच पूर्ण आणि योग्य तारखांचा जमवायचा म्हणजे कठीण काम. गाडी घेताना तो बॉक्समध्ये भरून मिळत असेल तर किमतीत थोडं वाढवून द्या पण सोडू नका.

बाकी बारीक गोष्टी: होजवर स्क्रूवाले क्लॅम्प नकोत, टॉवर क्लॅम्प हवेत. स्पार्क प्लगच्या वायरवर तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं, गाडी मार्चची तर १९६९ ची पहिली तिमाही नाहीतर त्याआधीची, नंतरची नको. बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची अक्षरं असतात, टीआर वगैरे, म्हणून बोल्ट बदलू नका, स्वच्छ करून परत फॉस्फेट किंवा झिंक करून घ्या.

चाकं?

१५ बाय ७ ची रॅली व्हील, कोड वायएच. त्या काळच्या डिझाइनचे टायर नवे बनवून मिळतात. ते शोसाठी ठेवा, चालवायला वेगळे रेडियल.

मूळ रंग, मूळ सीट शिल्लक असेल तरी रिस्टोअर करू?

कृपा करून नको. मूळ रंगाला चिरा असल्या, सीटची शिवण एका जागी उसवलेली असली तरी ती गाडी आमच्यासारख्यांचं पाठ्यपुस्तक आहे. ब्रेक, टायर, रबरी नळ्या बदला, चालवा, बाकी हात लावू नका. गाडी कितीही वेळा रिस्टोअर होऊ शकते, ओरिजिनल मात्र एकदाच असते.

एवढं करून चालवायची की झाकून ठेवायची?

चालवायची. हे इंजिन ११ ला १ कॉम्प्रेशनचं, शिसंवाल्या उंच ऑक्टेन पेट्रोलसाठी बनलेलं, त्यामुळे आता ९३ ऑक्टेन भरा आणि टायमिंग जपून लावा. हेड उघडलेच असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतो तिथे कडक धातूची सीट (कडी) बसवून घ्या, बाहेरून दिसत नाहीत. कॅम जुन्या पद्धतीचा, सॉलिड लिफ्टरवाला, म्हणून झिंक जास्त असलेलंच तेल. महिन्यातून एकदा तरी वीस-तीस मैल, इंजिन पूर्ण तापेपर्यंत.

आमच्याकडे पुण्यात आजोबांची १९५० च्या आसपासची शेव्हरोले आहे, हे सगळं तिला लागू?

पद्धत लागू, कोड नाही. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत, तिथे पेट्यांतून आलेल्या भागांच्या गाड्या जोडल्या जायच्या. त्यामुळे अमेरिकन पुस्तक समोर ठेवून त्या गाडीला 'चूक' ठरवू नका. तुमच्याकडचा तुकडा न् तुकडा नोंदवा, जुनं आरसी बुक, सर्व्हिसची बिलं, घरच्या लग्नातले गाडीचे फोटो, सगळं एका फाइलमध्ये.

काम बरोबर झालंय हे दाखवायचं कुठे?

शिकागोजवळ रोझमाँटला नोव्हेंबरमध्ये मसल कार अँड कॉर्वेट नॅशनल्स भरतं, तिथे एकदा नुसतं बघायला जा. गुडघ्यावर बसून लोकांच्या गाड्यांखाली डोकावणारी माणसं भेटतील. त्यांना विचारा, ती भरभरून सांगतात.

जुने मालक शोधण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि ही गोष्ट मी रंग मारायच्या आधी केली हे माझं नशीब. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या, जुन्या कागदावरून मागे मागे जात एका सत्तरीच्या पुढच्या गृहस्थांपर्यंत पोचलो, त्यांनी ही गाडी १९७१ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली होती. मी पांढऱ्या पट्ट्यांचे स्टेन्सिल मागवून ठेवले होते. फोनवर त्यांना सहज विचारलं, पट्टे पांढरेच होते ना? ते म्हणाले, कसले पट्टे? दोन आठवड्यांनी त्यांचं पाकीट आलं. आत एक चौकोनी फोटो, अंगणात बर्फ, शेजारी त्यांची तरुण बायको, आणि मागे हिरवी गाडी, बोनेट एकदम कोरं. ऑर्डर देताना पट्टे नकोत असं सांगता यायचं, पहिल्या मालकाने तसंच सांगितलं होतं. स्टेन्सिल अजून तसेच गुंडाळून ठेवलेत, आणि तो फोटो गाडीच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.